पेनकिलरची सवय लागली आहे हे कसं ओळखायचं? भावाबद्दल आहे, प्लीज वाचा

दुपारवेळ :

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. माझ्या दादाचं मणक्याचं ऑपरेशन झालं त्याला आता चौदा महिने झाले. तेव्हा दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल दिली होती, ५० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा, आणि ती फक्त दोन आठवड्यांसाठी होती हे मला पक्कं आठवतंय कारण कागद मीच वाचून वहिनीला सांगितलं होतं. ती गोळी अजून चालू आहे. दोनाच्या किती झाल्यात ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

आधी वहिनीच्या लक्षात आलं की महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपतायत. मग ती मोजायला लागली, दर रविवारी स्ट्रिप काढून बसायची, दादा चिडायचा, तेवढ्यावरून दोन दोन दिवस घरात बोलणं बंद. गेल्या आठवड्यात मी तिकडे होते, त्याच्या ड्रॉवरमध्ये नेलकटर शोधताना स्ट्रिप हाताला लागली. दोन्ही बाजूंनी चांदी असलेली, आतलं दिसत नाही अशी. दहाच्या दहा घरं भरलेली वाटत होती पण उचलली तर हलकी लागली. उलटी करून बघितलं तर मागची चांदी तीन बाजूंनी ब्लेडने कापून, गोळी काढून घेऊन, परत बोटाने दाबून सपाट केलेली. आठ घरं रिकामी होती. इतकं नीटनेटकं काम, कुणीतरी शांतपणे बसून केलेलं. मी ती होती तशी ठेवली आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले.

अजून काही गोष्टी लिहिते, कदाचित संबंध असेल कदाचित नसेल. दुपारी तीन साडेतीनच्या सुमाराला त्याला जांभया सुरू होतात, एकामागून एक, डोळ्यातून पाणी येतं, नाक गळतं, पाय सारखे हलवत बसतो, कुणी काही विचारलं की अंगावर येतो. मग आत जाऊन येतो आणि तासाभरात माणूसच बदलतो, गप्पा काय, हसणं काय. पोट साफ होत नाही ही तक्रार तर रोजची. दोनदा "गोळ्या हरवल्या" म्हणून नवीन लिहून आणल्या आणि त्यातली एक वेळ दुसऱ्याच डॉक्टरांकडून.

आई म्हणते डॉक्टरने दिलेलं औषध आहे, दारू थोडीच पितोय तो. दादा म्हणतो दुखणं वाढलंय, तुम्हाला काय कळणार. आणि मला खरंच कळत नाहीये हो, तो खोटं बोलतोय की त्याला दुखतंय. त्याच्याशी बोलायचं कसं? की वहिनीने सगळ्या गोळ्या काढून घ्याव्यात आणि एकदाचं संपवावं?

आईचीलेक :

दुपारवेळ, वाचून पोटात कालवलं. डॉक्टर लोक लिहितीलच, मी फक्त इतकंच म्हणते की लिहिलंत हे बरं केलंत. आणि वहिनींना एकटं पाडू नका, त्यांचीही झोप गेली असणार.

भूल_आणि_वेदना :

मी भूलतज्ज्ञ आहे, गेली बरीच वर्षं मुख्यतः जुनाट दुखण्याचेच पेशंट बघते. पेशंट समोर नसताना निदान करणार नाही पण काही गोष्टी आजच सांगणं भाग आहे.

सगळ्यात आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. गोळ्या काढून घेऊ नका, फेकू नका. चौदा महिने ओपिऑइड (मॉर्फीनच्या जातीचं दुखणं मारणारं औषध) घेतलेल्या माणसाचं औषध एका दिवसात तोडलं तर जुलाब, उलट्या, घाम, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, रात्ररात्र झोप नाही, प्रचंड घालमेल, या सगळ्यातून तो जातो आणि त्या अवस्थेत माणूस औषध मिळवण्यासाठी काहीही करतो, जिवाचं बरंवाईटही करून घेऊ शकतो. ट्रॅमाडॉलची अजून एक भानगड आहे, ती नुसती ओपिऑइड नाही, नैराश्याच्या काही गोळ्यांसारखी मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन या रसायनांवरही काम करते, त्यामुळे ती अचानक बंद केल्यावर काहींना जबरदस्त भीतीचे झटके आणि भासही होतात. आणि डोस खूप चढला तर फिट येऊ शकते. भाऊ नैराश्याची किंवा कुठलीही दुसरी गोळी घेत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यातल्या काही गोळ्यांनी फिटचा धोका वाढतो.

आता जांभया. एकटी जांभई म्हणजे काहीच नाही. पण जांभया, डोळ्यांना पाणी, नाक गळणं, अंगावर काटा येणं, पायांची तगमग हे सगळं मिळून, रोज ठरावीक वेळी, आणि गोळी पोटात गेल्यावर तासाभरात गायब, असं असेल तर ते विथड्रॉवल आहे, म्हणजे औषध उतरल्यावर शरीराला होणारा त्रास, सकाळचा डोस उतरतोय. कमी वेळ टिकणाऱ्या ओपिऑइडमध्ये शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते २४ तासांत हे सुरू होतं आणि पूर्ण बंद केलं तर ४ ते १० दिवस चालतं. पोटाचंही तसंच, बाकी परिणामांना शरीर सरावतं पण बद्धकोष्ठता सहसा शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही.

तो खोटं बोलतोय का? दुखण्याबद्दल बहुतेक नाही. हे घरच्यांना पटायला फार जड जातं. एक तर विथड्रॉवलमध्ये अंग दुखतंच आणि सगळ्यात आधी जुनी जागाच दुखते. दुसरं, दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्या काही जणांची मज्जासंस्था उलट जास्त हळवी होते, गोळीमुळेच दुखणं वाढतं, आणि माणूस त्यावर उपाय म्हणून अजून गोळी घेतो. म्हणून "तुला काही दुखत नाहीये" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नका.

सवय आणि व्यसन यात फरक आहे. कुणाचंही शरीर, तुमचं माझं सुद्धा, काही आठवडे रोज ओपिऑइड घेतलं की सरावतं, आधीचा डोस पुरेनासा होतो आणि बंद केलं की त्रास होतो. हे व्यसन नव्हे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, व्यसनासाठी ११ निकष आहेत, १२ महिन्यांत निदान २ लागू पडले तर विकार म्हणायचं, ६ किंवा जास्त असतील तर तीव्र. आणि डॉक्टरांच्या देखरेखीत सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत टॉलरन्स (आधीचा डोस न पुरणं) आणि विथड्रॉवल हे दोन निकष मोजायचेच नाहीत असं तिथे स्पष्ट म्हटलंय. मोजायचं ते बाकीचं, म्हणजे ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, कमी करायचं ठरवून न जमणं, औषध मिळवण्यात वेळ जाणं, तलफ, कामात आणि घरात चुका, नात्यात भांडणं होतायत हे दिसत असूनही चालू ठेवणं, आवडीच्या गोष्टी एकेक सुटत जाणं. तुम्ही लिहिलेल्या चित्रात यातलं बरंच दिसतंय. कापलेली स्ट्रिप आणि दुसरे डॉक्टर, या दोन गोष्टींनी मला जास्त काळजी वाटली.

आणि एक तातडीचं. घरात सगळ्यांना हे माहीत हवं: हलवूनही उठत नाही, श्वास अगदी मंद किंवा अडखळत, घशातून घोरल्यासारखी घरघर, ओठ किंवा नखं निळसर, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. हे दिसलं तर "झोपलाय, झोपू दे" म्हणायचं नाही. लगेच अँब्युलन्स, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं, थांबला असेल तर फोनवरचे लोक सांगतील तसा कृत्रिम श्वास. नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध, हाताशी असेल तर द्यायचं, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो म्हणून शुद्धीवर आला तरी हॉस्पिटलला न्यायचंच. झोपेच्या गोळ्या, चिंतेसाठीच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि दारू, यातलं काहीही ओपिऑइडसोबत पोटात गेलं तर धोका कितीतरी वाढतो. भाऊ यातलं काही घेतोय का ते बघा.

वळणावर :

दुपारवेळताई, स्ट्रिपचं वाचून मी मोबाईल खाली ठेवला होता, थोड्या वेळाने परत उचलला. मी तुमच्या दादाच्या जागेवर होतो.

माझं गुडघ्याच्या लिगामेंटपासून सुरू झालं. कोडीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. पहिल्या आठवड्यात गोळी घेतल्यावर दुखणं थांबलं, पण नुसतं दुखणं नाही, कामाचं टेन्शन, वडिलांशी झालेलं भांडण, सगळ्यावर कुणीतरी रजई घातल्यासारखं वाटलं. ती रजई मी पुढे तीन वर्षं शोधत होतो. सहा महिन्यांनंतर तर बरं वाटण्यासाठी घेतच नव्हतो, फक्त नॉर्मल दिसण्यासाठी घ्यायचो. पहाटे पाचला घामाने जाग यायची, उशीखाली दोन काढून ठेवलेल्या असायच्या, त्या घेऊन अर्धा तास छताकडे बघत पडायचं, मग उठून सगळ्यांसारखं आवरायचं. कुठेही जायचं म्हटलं की कपड्यांच्या आधी गोळ्या मोजायचो. मुलीच्या शाळेचा कार्यक्रम अर्ध्यातून सोडून आलो कारण खिशातली पुडी घरी राहिली होती. तिने अजून एकदाही तो विषय काढलेला नाही.

घरचे मोजायला लागले की आम्ही लपवायला शिकतो. वहिनी चुकल्या असं नाही म्हणत, त्या घाबरल्या होत्या. पण माझ्या बाबतीत कुलूप कुणाच्या मोजण्याने उघडलं नाही. माझी धाकटी बहीण एक दिवस सकाळी आली, म्हणजे मी जरा बऱ्या अवस्थेत असतो ती वेळ तिने बघून ठेवली होती, आणि म्हणाली, "मी तुझ्या गोळ्या मोजणार नाही. तुला किती लागतायत ते तूच मला सांग, मी कुणाला बोलणार नाही आणि डॉक्टरकडे तुझ्याबरोबर बसेन." मी तिला निम्मा आकडा सांगितला. तिने मान हलवली. दोन दिवसांनी मी फोन करून खरा सांगितला.

त्या खऱ्या आकड्यामुळेच वाचलो बहुतेक, कारण डॉक्टरांनी सगळ्यात आधी पॅरासिटामॉलचा हिशोब केला. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नसतं, मी कोडीनच्या नादात त्याच्या खूप पुढे गेलो होतो. लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले निघाले. ज्यांच्या घरी अशी मिक्स गोळी चालू आहे त्यांनी हे आजच तपासा, प्लीज.

रोखठोक :

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून लिहितो. माझ्या माहितीत एकाने निश्चय करून एका झटक्यात सोडलं होतं, दहा दिवस खोलीत कोंडून घेतलं आणि बाहेर आला. माणसाने मनावर घेतलं तर होतं. आणि डॉक्टर हल्ली यासाठी अजून एक गोळी देतात असं ऐकलंय, म्हणजे आगीतून फुफाट्यात नाही का? मनापासून विचारतोय.

वळणावर :

रोखठोक, मीही तेच केलं होतं आधी. नऊ दिवस. दहाव्या दिवशी वाटलं जिंकलो. तीन आठवड्यांनी जुन्या सवयीने जुना डोस घेतला आणि बायकोला मी बाथरूमच्या दारात सापडलो. शरीराची सहन करायची ताकद त्या तीन आठवड्यांत उतरली होती, डोस मात्र डोक्यात जुनाच होता. मला इच्छाशक्ती कमी होती असं मी आता मानत नाही.

भूल_आणि_वेदना :

वळणावर यांनी लिहिलंय ती सगळ्यात धोक्याची वेळ. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे, मग ते घरी कोंडून सोडलेलं असो, हॉस्पिटलमध्ये किंवा तुरुंगात. म्हणून नुसतं "शरीर साफ केलं" म्हणजे उपचार झाला असं आम्ही समजत नाही.

फुफाट्याचा प्रश्न रास्त आहे आणि खूप घरांतून येतो. यासाठी देतात त्यातलं एक औषध ब्युप्रेनॉर्फिन. ते मेंदूतल्या त्याच रिसेप्टरवर, म्हणजे ओपिऑइड जिथे जाऊन चिकटतं त्या जागेवर, बसतं पण त्याला अर्धवटच चालू करतं, शिवाय घट्ट धरून बसतं. त्यामुळे तलफ आणि विथड्रॉवल थांबतात, चढउतार होत नाहीत, आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. माणूस कामावर जातो, झोपतो, भांडण न करता बोलतो. मेथाडोन वेगळ्या पद्धतीने काम करतं पण हेतू तोच. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत या उपचारासाठी घातली. इन्शुलिन घेणाऱ्याला आपण "इन्शुलिनचा व्यसनी" म्हणत नाही ना. फक्त ब्युप्रेनॉर्फिन स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही, विथड्रॉवल पुरेसा सुरू व्हायच्या आधी घेतलं तर ते आधीचं औषध हुसकावून लावतं आणि त्रास एकदम भडकतो.

प्रत्येकाला हेच लागतं असंही नाही. ज्यांना फक्त शरीराची सवय आहे त्यांचा डोस हळूहळू उतरवता येतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश असा वेग सुचवलाय. त्यांच्याच आधीच्या, २०१६ च्या सूचनांनंतर बऱ्याच डॉक्टरांनी घाईघाईने औषधं तोडली, पेशंटचे फार हाल झाले, २०१९ मध्ये तिथल्या एफडीएला (औषधांवर नियंत्रण ठेवणारी संस्था) अचानक बंद करू नका असा इशारा द्यावा लागला. गरोदर बाईने तर मनाने मुळीच थांबवायचं नाही, तिने लगेच डॉक्टर गाठायचे.

वाचनखूण :

हे सगळं डॉक्टरांनाही आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं होतं, हॉस्पिटलमध्ये भरती असताना ही औषधं मिळालेल्या ११,८८२ पेशंटपैकी फक्त ४ जणांना व्यसन लागल्याची नोंद आहे असं. संशोधनाचा लेख नव्हताच तो. घरी जाऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांचा त्यात संबंधच नव्हता, तरी "व्यसन क्वचितच लागतं" याचा पुरावा म्हणून ते पत्र पुढे शेकडो ठिकाणी उद्धृत झालं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कुणीतरी बसून मोजलं तर ते एकूण ६०८ वेळा उद्धृत झालेलं निघालं, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी याच अर्थाने. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड गोळी अमेरिकेत बाजारात आली आणि २००७ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीने औषधाबद्दल दिशाभूल केल्याचं कोर्टात कबूल केलं. दुपारवेळ, आईंना हे सांगा. डॉक्टरांनी दिलं म्हणजे सुरक्षित, हे शिकलेल्या डॉक्टरांनाही खरं वाटत होतं.

आईचीलेक :

मला दुसरी बाजू लिहायलाच हवी. माझ्या आईला हाडांत पसरलेला कॅन्सर होता. मॉर्फीन सुचवलं तेव्हा आम्हीच नको म्हणालो, सवय लागेल म्हणून. शेवटचे पाच आठवडे तिने दात आवळून काढले, चादरीचा कोपरा दातात धरायची. नंतर एका डॉक्टरने समजावलं तेव्हा सुरू केलं आणि चार दिवस ती माझ्याशी नीट बोलली. चारच दिवस. धागा वाचून कुणी घाबरून असल्या पेशंटचं औषध थांबवू नका, हात जोडते.

भूल_आणि_वेदना :

आईचीलेक, तुमचा प्रतिसाद या धाग्यात असायलाच हवा होता. तुम्ही तेव्हा प्रेमापोटीच नको म्हणालात. कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फीन नाकारणं हा अन्याय आहे, आणि तिथे डोस वाढला तर बहुतेक वेळा आजार वाढलेला असतो.

अर्धशिशी :

एक शंका. मी डोकेदुखीसाठी साध्या गोळ्या घेते, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, आठवड्यातून चार पाच दिवस तरी. हे पण व्यसनच का?

भूल_आणि_वेदना :

त्या ओपिऑइड नाहीत, तसं व्यसन नाही लागत. पण महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) किंवा कोडीन असलेल्या गोळ्यांना १० दिवसही पुरतात. आठवड्यातून चार पाच दिवस म्हणजे महिन्याचे १५ हून जास्तच होतात. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, आणि किडनी व पोटासाठीही हे बरं नाही.

दुपारवेळ :

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल बोलले दादाशी. सकाळी, वळणावर यांनी लिहिलं तसं. वहिनीशी आधी बोलून घेतलं होतं, ती म्हणाली तूच बोल, माझ्याशी बोलताना तो आधीच आवाज चढवतो.

आम्ही दोघंच गच्चीवर होतो. मी म्हटलं दादा मी ती स्ट्रिप बघितली, भांडायला नाही आले. तो बराच वेळ काहीच बोलला नाही, मला वाटलं आता उठून जाईल. मग म्हणाला, "हिला माहितीये?" मी हो म्हटलं. मग म्हणाला दर महिन्याला वाटतं पुढच्या महिन्यात सोडू, आणि रडायला लागला, माझा दादा, जो बाबा गेले तेव्हा सगळ्यांना धरून उभा होता. मी विचारलं दुखतं का अजून, तर म्हणाला कधीकधी मलाच कळत नाही दुखतंय की गोळी हवीये.

तो दिवसाला आठ घेतोय. झोपेसाठी वेगळी एक, ती आम्हाला माहीतच नव्हती. भूल_आणि_वेदना, हे लिहिताना हात थरथरतोय माझा.

भूल_आणि_वेदना :

आठ म्हणजे ४०० मिलिग्रॅम, ट्रॅमाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा तीच आहे, त्यामुळे एकही वाढवायची नाही. झोपेची गोळी आहे म्हणून मी आता "या आठवड्यात दाखवा" न म्हणता उद्या दाखवा म्हणेन. व्यसनमुक्तीचं काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ गाठा, ऑपरेशन केलेल्या सर्जनना कळवा, दोघांनी एकमेकांशी बोलावं असा आग्रह धरा. सगळ्या स्ट्रिप बरोबर न्या, झोपेचीही. झोपेची गोळीही रोजची असेल तर तीही अचानक तोडायची नाही. मधल्या रात्री त्याच्याजवळ कुणीतरी झोपा.

वळणावर :

दादांना सांगा की डॉक्टरला खरा आकडा सांगताना लाज वाटेल, वाटू दे, तरी सांगा. आणि एखाद्या वेळी घसरलात तर त्याच दिवशी फोन करायचा, महिनाभर लपवायचं नाही. मी एकदा घसरलो होतो, आज साडेचार वर्षं झाली त्याला. नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांनीच चालवलेल्या गटाच्या, मीटिंगा मला फार उपयोगी पडल्या, १९५३ पासून चालू आहे ते काम आणि ऑनलाइनही होतात मीटिंगा, नाव सांगावं लागत नाही, पैसे नाहीत. नुसतं ऐकत बसलं तरी चालतं. घरच्यांसाठी नार-अॅनॉन वेगळं असतं, वहिनींना सांगा.

रोखठोक :

मी लिहिलं होतं ते मागे घेतो. दुपारवेळ, उद्या काय झालं ते नक्की लिहा.

दुपारवेळ :

जाऊन आलो. तासभर बसलो होतो. डॉक्टर दादाशीच बोलले, आमच्याशी नंतर. तपासण्या झाल्या, झोपेची गोळी आणि ट्रॅमाडॉल दोन्हीचा मिळून प्लॅन केलाय, दर चार दिवसांनी जायचंय, पाठीसाठी फिजिओही परत सुरू करायचंय. पुढे ब्युप्रेनॉर्फिन लागेल की नुसतं हळूहळू उतरवायचं ते दोन आठवड्यांनी ठरवणार आहेत. आईही आली होती, बाहेर बसून राहिली, परतताना गाडीत दादाचा हात धरून होती, बोलली काहीच नाही.

गोळ्या आता वहिनीकडे असतात पण मोजायचं काम दादाने स्वतःकडे घेतलंय. एक वही केली आहे, वेळ आणि किती ते तो त्याच्या हाताने लिहितो. काल रात्रीची ओळ आहे "९.४०, एक. दोन घ्यावीशी वाटली होती." वहिनीने ती वाचली आणि वही मिटून उशाशी ठेवली.